पदवी हाती, पद कोठे?

(यवतमाळ येथे परिचारिका, आरोग्यसेविका आणि परिचर्येच्या विद्यार्थिनी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'प्रगत परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण' हा आजच्या भाषणाचा विषय. नाव जड आहे. ज्या जिल्ह्यात साप चावलेल्या माणसाला वेळेवर वाहन मिळणे हाच जीवनमरणाचा प्रश्न असतो, तेथे पदव्युत्तर शिक्षणाची चर्चा ही चैन आहे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाला उत्तर देणे हेच आज माझे काम आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे शिक्षण यवतमाळसारख्या जिल्ह्यालाच सर्वाधिक हवे आहे. परंतु आज ते ज्या रीतीने पुढे ठेवले जात आहे, त्या रीतीने ते या जिल्ह्याच्या उपयोगी पडणार नाही. पदवी निर्माण झाली. त्या पदवीला साजेसे पद, त्या पदाला लागणारा कायदेशीर अधिकार आणि त्या अधिकाराला शोभेल असे वेतन मात्र मागे राहिले. जिने दोन वर्षे घालवून ही पदवी मिळवायची, तिने ती घेऊन जायचे कोठे, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

रुग्णापासून दूर नेणारी शिडी

प्रथम थोडा इतिहास पाहू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल सादर केला. त्या वेळी सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७ हजार डॉक्टर होते आणि परिचारिका होत्या अवघ्या ७ हजारांच्या आसपास. म्हणजे दर ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका. जगात सामान्यतः एका डॉक्टरमागे अनेक परिचारिका असतात. आपल्याकडे एका परिचारिकेमागे सहा-सात डॉक्टर होते. ही उलटी उतरंड केवळ गरिबीने घडलेली नव्हती. रुग्णाच्या मलमूत्राला, रक्ताला, जखमेला हात लावण्याचे काम हलके आणि ते करणारी बाई हलकी, ही आपल्या जातिव्यवस्थेची आणि पुरुषप्रधानतेची शिकवण तिच्यामागे होती. परिचर्येला प्रतिष्ठा नव्हती, म्हणून शिक्षण नव्हते. शिक्षण नव्हते, म्हणून प्रतिष्ठा येत नव्हती.

ही कोंडी फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न त्याच वर्षी झाला. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९५९ मध्ये दिल्लीच्या महाविद्यालयात, ज्याला पुढे राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले, पदव्युत्तर शिक्षणाला आरंभ झाला. आपल्या महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये मुंबईला परिचर्या महाविद्यालय काढले. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील परिचर्येचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः त्याच्या छत्राखाली आले. ही वाटचाल सामान्य नाही. परंतु या वाटेने मुलींना नेले कोठे, हेही पाहिले पाहिजे.

एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या बहुतेक मुली आज पाठ्यनिर्देशिका किंवा प्राध्यापिका होतात. शिक्षिका हव्यातच, त्यांच्यावाचून नव्या परिचारिका घडणार नाहीत. पण परिणाम असा झाला की, परिचारिका जितकी अधिक शिकते तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते. वॉर्डातून वर्गात किंवा वॉर्डातून कचेरीत, असेच बढतीचे दोन रस्ते उरले. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका या आपल्या ओळखीच्या शिडीत वरची प्रत्येक पायरी हजेरीपट, साठा आणि नोंदवह्या यांच्याकडे नेते. शल्यचिकित्सक वीस वर्षांनी अधिक अनुभवी शल्यचिकित्सक होतो आणि शस्त्रक्रियाच करतो. परिचारिकेला मात्र अनुभव आला की तिच्या हातातील रुग्ण काढून घेतला जातो आणि किल्ल्यांचा जुडगा दिला जातो.

कोलोरॅडोची वाट

या शिडीला दुसरी एक शिडी जोडता येते, हे १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात दाखवून देण्यात आले. लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून 'नर्स प्रॅक्टिशनर' घडविण्याचा पहिला अभ्यासक्रम तेथे सुरू केला. ग्रामीण आणि गरीब भागांतील बालकांपर्यंत डॉक्टर पोहोचत नव्हते. परिचारिका पोहोचत होत्या. मग परिचारिकेलाच रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेणे, शारीरिक तपासणी करणे, निदान करणे, नेहमीच्या आजारांवर उपचार करणे आणि धोक्याचा रुग्ण वेळीच वर पाठविणे, हे पद्धतशीरपणे शिकवले तर? हा साधा विचार त्यामागे होता. लोरेटा फोर्ड २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तल्या. आज त्या देशातील निम्म्याहून अधिक राज्यांत अशा परिचारिका डॉक्टरच्या देखरेखीच्या अटीवाचून तपासतात आणि औषधे लिहून देतात.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. एचआयव्हीच्या साथीने तो देश पोखरला गेला असता, औषधोपचार सुरू करण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांच्या हाती ठेवून लाखो रुग्णांपर्यंत पोहोचता येणार नाही, हे तेथील शासनाने ओळखले आणि २०१० पासून प्रशिक्षित परिचारिकांना तो उपचार सुरू करण्याची मुभा दिली. संकट दाराशी आले तेव्हा अधिकारांची वाटणी नव्याने करावी लागली.

अमेरिकेकडून एक धोक्याची सूचनाही घेतली पाहिजे. सुरुवातीचा अभ्यासक्रम काही महिन्यांचा होता. पुढे तो पदव्युत्तर पदवीचा झाला. आणि २००४ मध्ये तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने या कामासाठी डॉक्टरेटच हवी, असा आग्रह धरला. शिक्षणाची खोली वाढावी यात वावगे काही नाही. परंतु पदवीची उंची वाढत गेली आणि तिचा खर्च विद्यार्थिनीच्याच माथी राहिला, तर गरिबांची परिचारिका व्हायला निघालेली मुलगी कर्ज फेडण्यासाठी श्रीमंतांच्या रुग्णालयाकडे वळते.

यवतमाळ काय सांगते?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. साडेतेरा हजार चौरस किलोमीटर विस्तार, १६ तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या, आणि त्यांतील दर पाच माणसांमागे जवळपास चार खेड्यांत राहणारी. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत कोलाम, गोंड, परधान यांच्या वस्त्या आणि पोड. वणी किंवा उमरखेड येथून जिल्ह्याचे मोठे रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर. आदिवासी भागात दर ३ हजार आणि इतरत्र दर ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावे असा शासनाचा निकष आहे, आणि त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे आरोग्यसेविका. रात्री कळा सुरू झालेली बाई, तापाने फणफणलेले मूल, विळा लागून रक्तबंबाळ झालेला पाय हे सर्व प्रथम तिच्या दारी येते. ती तपासते, अंदाज बांधते, काय द्यायचे आणि कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवते. यालाच पाठ्यपुस्तकात 'प्रगत परिचर्या' म्हणतात! फरक इतकाच की, या कामासाठी लागणारे शिक्षण तिला दिलेले नाही, या कामाचा अधिकार कायद्याने तिला नाही, आणि काही विपरीत घडले तर जबाबदारी मात्र तिची असते.

२०१७ चा हंगाम या जिल्ह्यातील कोणीही विसरलेला नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशकांच्या कंपन्या, विक्रेते आणि कृषिखाते यांच्या जबाबदारीविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आवश्यकच होते. परंतु या माणसांचा जीव वाचविण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला अट्रोपीन द्यावे लागते. ते एकदा टोचून भागत नाही. दर पाच-दहा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, बाहुलीचा आकार, घाम आणि छातीतील घरघर पाहून मात्रा वाढवावी लागते. छाती मोकळी झाली की ती सावरून धरावी लागते. अधिक झाले तर रुग्ण बरळू लागतो, ताप चढतो, पोट फुगते. याहून कपटी गोष्ट पुढेच असते. रुग्ण शुद्धीवर येतो, बोलू लागतो, नातेवाईक निर्धास्त होतात, आणि एक ते चार दिवसांच्या आत त्याच्या मानेचे व श्वासाचे स्नायू दुबळे पडू लागतात. उशीवरून डोके उचलता येत नाही, ही त्याची पहिली खूण. ती वेळेवर ओळखली आणि कृत्रिम श्वसनयंत्र लावले तर माणूस जगतो. नाही ओळखली तर पहाटेच्या फेरीत खाट शांत असते. शिवाय फवारणीत अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली असतात आणि सर्वांवर अट्रोपीनचा उपयोग होत नाही. म्हणजे पुस्तकी मात्रा पाठ करून भागत नाही, रुग्णाकडे पाहून निर्णय करावा लागतो.

आता सांगा, दर दहा मिनिटांनी त्या खाटेशी कोण असते? डॉक्टर एक असतो आणि रुग्ण पुष्कळ असतात. खाटेशी परिचारिका असते. ती खूण तिला ओळखता यावी आणि ओळखल्यावर काही करण्याचा अधिकार तिला असावा, एवढाच अतिदक्षता परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षणाचा अर्थ आहे. ही चैन आहे की गरज, ते कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याने ठरवावे.

शासनाने काय केले?

गेल्या काही वर्षांत याबाबत काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६-१७ च्या सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव असलेल्या परिचारिकेसाठी तो आहे. त्यातील सुमारे पाचवा हिस्सा वर्गातील शिक्षण आणि उरलेले चार हिस्से प्रत्यक्ष अतिदक्षता विभागातील काम, ही त्याची रचना योग्य आहे. कारण ती मुलीला रुग्णापासून दूर नेत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही अशा परिचारिका घडविण्याला अनुमोदन दिले. २०१८ च्या डिसेंबरात प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि दीड वर्षाच्या प्रशिक्षणाने स्वतंत्रपणे सुलभ बाळंतपणे करणारा प्रसाविकांचा वर्ग उभारायचे ठरले. पैनगंगा ओलांडली की लागणाऱ्या तेलंगणात हे शिक्षण २०१७ मध्येच सुरू झाले होते. २०२३ मध्ये परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने संमत केला.

कागदावर हे सारे शोभिवंत आहे. परंतु अतिदक्षतेची पदवी घेतलेली मुलगी आपल्या राज्याच्या सरकारी रुग्णालयात परत आली, तर ती कोणत्या पदावर रुजू होणार? वर सांगितलेल्या शिडीत तिच्यासाठी पायरी नाही. ती अधिपरिचारिकाच राहणार, तीच पाळी, तोच पगार. औषध लिहून देण्याचा प्रश्न घ्या. १९४५ च्या औषध नियमांनुसार अनुसूचीतील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच द्यावयाची असतात, आणि परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून आज तिची सारी कर्तबगारी त्या त्या रुग्णालयाच्या अंतर्गत आदेशांवर आणि त्या त्या डॉक्टरच्या मर्जीवर अवलंबून आहे. जो अधिकार मर्जीने मिळतो तो मर्जीने जातो.

दुसरीकडे, २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत करून तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात आले. परिचर्येचे किंवा आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेल्यांना सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम देऊन ही पदे भरली गेली. परिचारिकेला गावपातळीवर अधिकारी म्हणून बसविण्याची ही कल्पना स्वागतार्हच होती. पण ती आली कंत्राटी पद्धतीने, ठरावीक मानधन आणि त्यावर कामगिरीनुसार भत्ता अशा हिशेबाने. जिच्याकडून प्रगत परिचर्येची अपेक्षा करायची, तिला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हेच ठाऊक नसावे, ही विसंगती आहे. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्ययंत्रणेमार्फत भरतीविरुद्ध संप केला, तो केवळ पगारासाठी होता असे समजणे चूक आहे. कौशल्य साठत जाण्यासाठी माणूस एका जागी टिकावा लागतो. कंत्राटी पद्धती हे साठणेच अशक्य करते.

दोन आक्षेप

या मागणीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. दोन्ही गंभीरपणे ऐकले पाहिजेत.

पहिला आक्षेप डॉक्टरांचा. परिचारिकेला निदान आणि औषध यांचा अधिकार दिला तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल, असे ते म्हणतात. २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातील ३२ व्या कलमाने समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने देशभर एक दिवसाचा संप पुकारला. आपल्या जिल्ह्यातील एक घटनाही कोणी पुढे करील. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली. असे होत असता यांना आणखी अधिकार कसले, असे विचारले जाईल.

याला माझे उत्तर असे की, तुमचा पुरावा नेमका आमच्या बाजूचा आहे. अशी घटना अधिक शिक्षणाने घडत नसते. अपुरे शिक्षण, तोकडी देखरेख आणि कामाचा रेटा यांनी घडत असते. छत्तीसगडात २०१० मध्ये एक महत्त्वाची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर, तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम पूर्ण केलेले ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक, आयुर्वेदादी पद्धतींचे पदवीधर, आणि डॉक्टर नसल्याने नाइलाजाने रुग्ण तपासणाऱ्या परिचारिका व औषधनिर्माते, या सर्वांची नेहमीच्या आजारांतील निदान-उपचाराची पात्रता तपासली गेली. तीन वर्षे शिकलेले साहाय्यक डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले. परिचारिका व औषधनिर्माते सर्वांत मागे पडले. हा निष्कर्ष आपण लपवू नये, उलट हातात घेऊन फिरावे. काम परिचारिकेवर पडतेच, पण त्या कामाचे शिक्षण तिला न दिल्याने रुग्णाचे नुकसान होते, हेच तो सांगतो. आणि योग्य शिक्षण मिळाल्यास डॉक्टर नसलेली व्यक्ती ते काम नीट करू शकते, हेही तोच सांगतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांचा जंतुदोष ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत तयार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

आणि अधिकारवाटपाचेच म्हणाल, तर आपल्या राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आधुनिक औषधे देण्याची वाट उघडली. त्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. त्या वादात आज शिरावयाचे कारण नाही. परंतु ज्या परिचारिकेचे सारे शिक्षण आधुनिक वैद्यकाच्याच रुग्णालयात, त्याच औषधांची मात्रा मोजत आणि त्यांचे परिणाम टिपत झालेले असते, तिच्यासाठी अशी वाट काढावी असे शासनाला का सुचले नाही, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तिच्या शिक्षणात उणीव होती, की ती बाई होती आणि हुकूम पाळणारी मानली गेली, हे उत्तर?

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो, आणि तो अधिक बोचरा आहे. शहरातील श्रीमंताला तज्ज्ञ डॉक्टर आणि यवतमाळच्या कोलामाला परिचारिका, ही दुय्यम दर्जाची आरोग्यसेवा नव्हे काय? स्वस्तात काम उरकण्यासाठी शासन परिचारिकेच्या खांद्यावर डॉक्टरचे ओझे टाकत नाही काय? ही भीती खोटी नाही. डॉक्टरांची रिक्त पदे तशीच ठेवून त्यांच्या जागी कंत्राटी परिचारिका बसविली, तर ती निव्वळ फसवणूक होईल आणि आपण तिला विरोधच केला पाहिजे. पण अतिदक्षता विभागात डॉक्टरच्या जोडीला प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका देणे, उपकेंद्रावर जेथे आज कोणीच नीट शिकलेले नाही तेथे तिला बसवणे, आणि तिने पाठविलेला रुग्ण स्वीकारणारे ग्रामीण रुग्णालय मागे उभे ठेवणे, याला दुय्यम सेवा म्हणता येणार नाही. कसोटी एकच लावावी : डॉक्टरच्या पदात ही भर आहे की बदली आहे? भर असेल तर हो म्हणावे, बदली असेल तर रस्त्यावर यावे.

शिकायचे कोणी, आणि कशाच्या बळावर?

आता तुमच्या घरातील प्रश्नाकडे येऊ. समजा, दहावी-बारावीनंतर घराला हातभार लावण्यासाठी एखाद्या मुलीने आरोग्यसेविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. पुढे तिला वर चढायचे असेल तर तीन वर्षे जनरल नर्सिंग, त्यानंतर दोन वर्षे पोस्ट बेसिक बी.एस्सी., आणि त्यानंतर दोन वर्षे पदव्युत्तर. एकूण नऊ वर्षे शिक्षणाची. मधली नोकरीची वर्षे वेगळी. या काळात लग्न, मुले, सासूसासऱ्यांची आजारपणे, नापिकीची सालेही येतात. खाजगी रुग्णालयात राबणाऱ्या परिचारिकेची मिळकत किती तुटपुंजी असते, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने अगदी पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. ती शिफारस आपल्या हाती पडली की नाही, हे प्रत्येकीने आपल्या पगारपत्रकावरूनच ठरवावे.

अशा स्थितीत पदव्युत्तर पदवी ही ज्यांच्या घरी आधीच सोय आहे त्यांच्यासाठी उरते, किंवा परदेशाच्या दाराची किल्ली ठरते. परदेशी जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. जेथे तिच्या शिक्षणाला पद आणि मान आहे तेथे ती जाते. दोष आहे तो घरी तिच्यासाठी पायरी न बांधणाऱ्यांचा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या शब्दांत मांडल्या पाहिजेत. एक, सरकारी रुग्णालयांच्या आकृतिबंधात नर्स प्रॅक्टिशनर हा स्वतंत्र संवर्ग निर्माण करावा, आणि त्याची वेतनश्रेणी पाठ्यनिर्देशिकेहून कमी नसावी, जेणेकरून वर चढण्यासाठी रुग्ण सोडावा लागणार नाही. दोन, ठरवून दिलेल्या यादीतील औषधे व उपचार ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार देण्याचा अधिकार कायद्याने द्यावा आणि त्या मर्यादेत केलेल्या कामाला संरक्षण असावे. तीन, सेवेतील परिचारिकांना पूर्ण पगारी अभ्यासरजा मिळावी आणि निवासी शिक्षणार्थींना विद्यावेतन मिळावे. हे शिक्षण शुल्क भरून विकत घेण्याची वस्तू होऊ नये. चार, अतिदक्षतेचा हा अभ्यासक्रम यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चालवावा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने २०१७ चा सारा भार अंगावर घेतला. विषबाधा आणि सर्पदंश येथे जितका शिकता येईल तितका मुंबई-पुण्याच्या काचेच्या रुग्णालयात शिकता येणार नाही. आणि येथील आदिवासी व दलित घरांतून आलेल्या, कोलामी-गोंडी समजणाऱ्या मुलींना त्यात राखीव जागांसह वाट असावी. पाच, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे कंत्राट संपवून त्यांना सेवेत कायम करावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत तुम्ही काय करावे? शिकू नये, असे मी सांगणार नाही. शिक्षण थांबवून बसणे हा आपल्याला परवडणारा निषेध नाही. परंतु कोणत्याही महाविद्यालयात पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. या अभ्यासक्रमाला मान्यता आहे काय, आणि ती कागदावर दाखवता काय? प्रत्यक्ष रुग्णांच्या खाटा किती, आणि आम्हाला तेथे शिकवायला कोण असेल? येथून बाहेर पडलेल्या मुली आज कोणत्या पदावर, किती पगारावर काम करतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर समजा की ते तुम्हाला पदवी विकत आहेत.

आणि एक शेवटची विनंती. तुम्ही आजही जे काम करता त्याची नोंद ठेवा. रुग्णाचे नाव नको. कोणत्या दिवशी, कोणता त्रास, काय ओळखले, काय केले, केव्हा पुढे पाठवले, एवढेच. एका उपकेंद्राची वही कोणी वाचणार नाही. परंतु १६ तालुक्यांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर या जिल्ह्यात प्रगत परिचर्या वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती बिनपगारी, बिनअधिकाराने चालू आहे, हे शासनाला त्याच्याच कागदावर वाचता येईल. पुढच्या हंगामातील फवारणी सुरू होण्यापूर्वी या नोंदींचे पहिले निवेदन जिल्हा परिषदेपुढे ठेवता यावे, असे आपण येथेच ठरवू या.